बॅटरी उतरू नये म्हणून

दिवाळीच्या अंकात माणसाने काहीतरी गोड लिहावे, असा संकेत आहे. संपादकही या पानाला नेहमीपेक्षा थोडी अधिक जागा देतात, त्यामुळे चकलीच्या सोऱ्यातून शब्द पाडल्यासारखे लिहीत सुटावे असा मोह होतो. पण यंदा मला एक कबुली द्यायची आहे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पुन्हा मोटारसायकल चालवू लागलो आहे.

नेहमीच्या वाचकांना हे खरे वाटणार नाही. जिना उतरताना कठडा धरणारा, बस पुरती थांबल्याखेरीज पाय खाली न ठेवणारा आणि शेजाऱ्यांच्या पाळण्यातही न बसणारा गृहस्थ म्हणून ते मला ओळखतात. त्यांचे काही चुकले नाही. मी तसाच आहे. म्हणूनच हे कसे घडले ते सविस्तर सांगितले पाहिजे.

त्याचे असे झाले. २०२४ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी दसरा उरकून आमचे चिरंजीव नोकरीसाठी जर्मनीला गेले. जाताना त्याने आईला गॅसच्या पुस्तकापासून विम्याच्या कागदांपर्यंत सगळे समजावून दिले आणि माझ्या हातात फक्त एक किल्ली ठेवली. म्हणाला, "बाबा, आठवड्यातून एकदा तरी गाडी सुरू करून ठेवा. नाहीतर बॅटरी उतरते."

गाडी म्हणजे त्याची साडेतीनशे सी.सी.ची मोटारसायकल. वजन जवळजवळ दोनशे किलो. सोसायटीच्या वाहनतळात आमच्या छोट्या मोटारीशेजारी ती कापड पांघरून उभी असे आणि मी येताजाता तिच्याकडे न पाहण्याचा सराव केला होता. मुलाने ती घेतली तेव्हाही मी "छान आहे" एवढेच म्हणून वर्तमानपत्रात डोके घातले होते.

याला कारण होते. १९८८ साली, चोवीस वर्षांचा असताना, मी जुनी १९७९ ची बुलेट घेतली होती. हिचे मूळ घराणे इंग्लंडमधल्या रेडिच गावचे. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट आपल्याकडची झाली, तरी इंग्रजी वळण तिने सोडले नव्हते. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला! ती सुरू करणे हा एक विधी असे. डिकम्प्रेसरची खिटी ओढून किक हळूहळू दाबत न्यायची, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की खिटी सोडायची, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग देवाचे नाव घेऊन अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकायचा. काटा चुकला की किक उलटी येऊन पोटरीला असा प्रसाद देई की दोन दिवस माणूस लंगडत चाले. पण एकदा का इंजिनाने ठेका धरला, की लक्ष्मी रस्त्यावरून जाताना आपण कोणी वेगळेच आहोत असे वाटे. लग्नानंतर आमच्या मंडळी साडीचा पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून मागे बसत. पुढे चिरंजीव आले, ते टाकीवर बसू लागले.

१९९८ च्या एका संध्याकाळी आमच्याच घराच्या कोपऱ्यावर बांधकामाची वाळू रस्त्यात पसरली होती. मी वळलो. समोरून एक सायकलवाला आला. मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचे चाक पायाखालचा पाट ओढावा तसे निघून गेले. मला काहीच लागले नाही. टाकीवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडले.

पुढल्या आठवड्यात मी बुलेट विकली. बसने जाऊ लागलो. पीएमटीची २००७ साली पीएमपी झाली, तीही मी बसच्या खिडकीतूनच पाहिली. मग छोटी मोटार आली. मोटारसायकलचा विषय घरात निघाला की मी उठून जात असे. मुलाच्या हनुवटीवरची ती पांढरी रेघ रोज जेवताना समोर असे. आपण चुकलो, पण त्याचे प्रायश्चित्त घेतले आहे, अशी मी मनाशी समजूत घातली होती. गंमत अशी की, कागदोपत्री मी या सगळ्या काळात मोटारसायकलस्वार होतोच. मोटारीसाठी परवान्याचे नूतनीकरण करताना त्यावरची 'गिअरची मोटारसायकल' ही नोंदही आपोआप पुढे चालत आली. पंचावन्न ओलांडलेल्यांना परवाना पाच वर्षांचाच मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी तोही दिला. तुम्ही शेवटची मोटारसायकल कधी चालवलीत, हे मात्र कोणीही विचारले नाही.

तर किल्ली माझ्याकडे आली. पहिल्या रविवारी मी कापड काढले, गाडी स्टँडवर असतानाच बटण दाबले, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले आणि वर आलो. दुसऱ्या रविवारीही तसेच. तिसऱ्या रविवारी एका माहीतगाराने सांगितले की नुसते जागेवर इंजिन चालवून बॅटरी नीट भरत नाही, गाडी थोडी फिरवावी लागते. हे खरे आहे. पण खरे कारणही माणसाला किती सोयीचे सापडते पाहा! चौथ्या रविवारी सौ. भजनी मंडळाला गेल्या असताना मी सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या रविवारी चार.

"बॅटरी भरायला बूट लागतात होय?" सौ.नी एकदा सहज विचारले. मी म्हणालो, "खाली चिखल असतो." तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी फाटकाजवळ वळत होतो. वेग म्हणाल तर शेजारून चालणाऱ्या माणसाएवढा. एका मोटारीमागून कुत्रे आडवे आले. माझा डावा पाय सव्वीस वर्षे झोपलेला होता, तो खडबडून जागा झाला आणि त्याने ब्रेक दाबला. पण या गाडीला डावीकडे ब्रेक नव्हता, गिअर होता. गाडी थांबेना तेव्हा मी हाताने पुढचा ब्रेक आवळला, हँडल वळलेले असताना. बाकीचे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. दोनशे किलो लोखंड आणि सत्तर किलो निवृत्त अधिकारी एकाच वेळी आडवे झाले. क्लचचा दांडा वाकला, एक दिवा फुटला, माझा गुडघा सोलला. कुत्रे थोडे लांब जाऊन बसले आणि पाहू लागले. रखवालदार आणि दूधवाला यांनी आधी गाडी उचलली, मग मला. सज्जात सौ. उभ्या होत्या.

त्यांनी गुडघा धुतला, औषध लावले, जेवायला वाढले. एक शब्द नाही. वाचकहो, तीस-पस्तीस वर्षे संसार केलेल्या माणसाला या शांततेचा अर्थ कळतो. शेवटी मीच म्हणालो, "उद्या मुलाला कळवतो. विकून टाकू म्हणतो. मागे विकली, तशीच."

त्यावर त्या म्हणाल्या, "मागे मी विका म्हटलं नव्हतं. नीट चालवा म्हटलं होतं. नीट चालवण्यापेक्षा विकणं तुम्हाला सोपं वाटलं."

मी ताटातली पोळी तशीच ठेवली. आता हे बोलणे मी वाचकांपुढे उघड करतो आहे, कारण त्या रात्री मला झोप आली नाही. १९९८ साली हँडल वळवलेले असताना मी पुढचा ब्रेक दाबला होता आणि २०२४ साली हँडल वळवलेले असताना मी पुढचा ब्रेकच दाबला. सव्वीस वर्षांच्या प्रायश्चित्ताने माझी एक तसूभरही चूक दुरुस्त झाली नव्हती. मी मोटारसायकल सोडली होती, चूक सोडलीच नव्हती. ती बुलेटबरोबर विकली गेली असे समजून मी तिला इतकी वर्षे घरात सांभाळून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सौ.नीच कोठूनतरी चौकशी काढली आणि जानेवारीत मी गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात शिकवणीला उभा राहिलो. शिकवणारी मुलगी आमच्या चिरंजीवांपेक्षा लहान. शिकणाऱ्यांत मी सर्वांत मोठा. "काका, तुम्हाला चालवता येते ना? मग जरा जास्त वेळ लागेल," ती म्हणाली. हा टोमणा नव्हता. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने नऊशे मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते, त्याचा अहवाल १९८१ साली निघाला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वार आपापले शिकलेले, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून शिकलेले होते. मीही एका मित्राकडूनच शिकलो होतो. त्याचे सबंध शिक्षण "सोड क्लच!" या दोन शब्दांत संपले होते.

तिने पहिल्या तासाला गाडी चालवू दिली नाही, पडलेली गाडी उचलायला शिकवली. हँडल जमिनीच्या बाजूला पुरते वळवायचे, बैठकीला पाठ टेकून खाली बसायचे, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा आणि कमरेने न ओढता पायांच्या जोरावर, मागे एकेक पाऊल टाकत उठायचे. मी उचलली! दूधवाल्याला बोलावून दाखवावे असे वाटले.

मग ब्रेक. आमच्या पिढीला पुढच्या ब्रेकची भीती घातली गेली आहे: "पुढचा दाबशील तर तोंडावर पडशील." तिने सांगितले की गाडी थांबू लागली की सगळा भार पुढे येतो, पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. मात्र तो लिंबू पिळल्यासारखा दाबायचा, हिसका द्यायचा नाही, आणि गाडी सरळ असताना दाबायचा. हँडल वळलेले असेल, खाली वाळू असेल, तर वळणाच्या आधीच वेग उतरवून ठेवायचा आणि वळणात हात ढिला सोडायचा. सव्वाशे सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे, पण चालण्याच्या वेगात तीही मदतीला येत नाही. हे सगळे सांगायला तिला दहा मिनिटे लागली. दहा मिनिटांची गोष्ट मी सव्वीस वर्षे विचारली नव्हती.

आणखीही पुष्कळ शिकलो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट जागा लागते. ताशी साठ किलोमीटरने जाणारा माणूस "अरे!" म्हणेपर्यंत, म्हणजे एका सेकंदात, सतरा मीटर पुढे गेलेला असतो. चालत्या गाडीला उजवीकडे वळवायचे तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. हे तर मी जन्मभर करत होतो आणि मला ठाऊकच नव्हते! सगळ्यांत अवघड निघाले ते हळू चालवणे. क्लच अर्धा सोडून, मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवून, आठाचा आकडा काढायचा. "काका, चाकाकडे नका पाहू. जिकडे पाहाल तिकडे जाल." मी चाकाकडे पाहत असे आणि चाकाकडेच जात असे.

हेल्मेटबद्दल मात्र मला शिकवावे लागले नाही, लाजावे लागले. मी पुण्याचा. हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध मी कधी काळी वर्तमानपत्राला पत्र लिहिले आहे आणि ते छापून आले आहे. मोटार वाहन कायद्यात हे कलम १९८८ पासून आहे, हे त्या पत्रात मी सोयीस्करपणे विसरलो होतो. अरबस्तानातल्या लढाईने गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या फेब्रुवारीत विमानदलातून मोकळा झाला. मे महिन्यात घराजवळच्याच रस्त्यावर दोन सायकलवाली मुले अचानक समोर आली. त्यांना चुकवताना त्याची मोटारसायकल उलटली आणि सहा दिवसांनी तो गेला. वय ४६. डोक्याला काही नव्हते. त्याच्या उशाशी असलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. त्याने पुढे लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटची उपयुक्तता मांडली आणि ब्रिटिश लष्कराने ते सक्तीचे केले. सामान्य नागरिकांवर ती सक्ती यायला तिथेही १९७३ साल उजाडले. म्हणजे पत्रे लिहिणारे तिथेही असणार!

माझे जुने टाकीवरचे आसनही आता कायद्याला चालत नाही. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे तर त्याला बांधून घेणारा पट्टा हवा, हेल्मेट हवे आणि वेग ताशी चाळिसाच्या आत हवा, असा नियम २०२२ साली निघाला. तो वाचून मी कागद घडी घालून ठेवला. काही नियम माणसाला फार उशिरा भेटतात.

शिकवणी संपल्यावर मला थोडा चेव चढला. सौ.ना मी बर्ट मन्‍रोची गोष्ट सांगितली. हा न्यूझीलंडचा गृहस्थ. गाडी १९२० सालची, नाव 'इंडियन', पण बनलेली अमेरिकेत. मूळ गाडीचा वेग ताशी नव्वद किलोमीटरही नव्हता. मन्‍रोने घरच्या घरी तिचे भाग घडवत, बदलत १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ती ताशी २९५ किलोमीटरांहून अधिक वेगाने पळवली आणि विक्रम केला.

सौ.नी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "मिठाच्या मैदानात रिक्षा नसतात."

तेव्हा मी माझे नियम ठरवले. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, कारण समोरचा झोत डोळ्यांवर आला की पूर्वीसारखे चटकन दिसत नाही. पावसाळ्यात कापड पांघरून ठेवायची. मान पूर्वीएवढी मागे वळत नाही, म्हणून आरसे आधी पुसायचे आणि मान आहे तेवढी तरी वळवायचीच. रक्तदाबाच्या गोळीने पेंग येत नाही ना, हे डॉक्टरांना विचारून घेतले. डाव्या पायावर मात्र माझा अजून विश्वास नाही. गाडीवर बसलो की इंजिन सुरू करण्यापूर्वी मी मनात म्हणतो, "उजवा ब्रेक, डावा गिअर." कोणी संध्या करते, मी हे करतो.

मार्चमधल्या एका रविवारी पहाटे सौ. खाली आल्या. पायांत बूट, अंगात पंजाबी पोशाख, हातात शिकवणीवाल्या मुलीच्या सल्ल्याने आणलेले हेल्मेट. दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. आम्ही खडकवासल्याला निघालो. पूर्वी त्या मागून "हळू", "अहो हळू" असा जप करत. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. धरणावर थंडगार वारा होता. आम्ही चहा घेतला, पाण्याकडे पाहिले आणि परत फिरलो.

परतीच्या वाटेवर एका वळणात, कुठल्यातरी बांधकामाची, रस्त्यावर वाळू पसरलेली होती. लांबूनच दिसली. मी सरळ रस्त्यावरच वेग उतरवला, गिअर खाली घेतला, ब्रेकवरून हात काढला, वाळूकडे न पाहता पलीकडच्या रस्त्याकडे पाहिले आणि गाडी चालण्याच्या वेगात पलीकडे गेली. दुसरे काहीही घडले नाही. मागून फक्त एक शब्द आला.

"असं."

एवढे सांगून हा लेख संपवता आला असता. पण एक गोष्ट राहिली आहे. मी मोटारसायकलचे नाव टाकले तेव्हा आपल्या मुलालाही आपण त्यातून वाचवले, असे मला वाटे. त्याने अठरा पूर्ण होताच परवाना काढला, तोही मला न सांगता. तो चालवायला कोणाकडून शिकला? परवा दूरध्वनीवर विचारले. हसून म्हणाला, "मित्रांकडून. तुम्ही कुठं विषय काढू द्यायचात?" म्हणजे त्या ९२ टक्क्यांच्या पंगतीला मी त्यालाही माझ्याच शेजारी बसवले होते.

तो या दिवाळीला घरी येतो आहे. पहिल्या अंघोळीला त्याची आई तेल लावील आणि हनुवटीवरची रेघ पुन्हा दिसेल. मग तो किल्ली मागेल. किल्ली त्याचीच आहे, मी देईन. पण आधी सोसायटीच्या आवारात त्याला आठाचा आकडा काढून दाखवीन आणि मग एक पाकीट हातात ठेवीन. त्यात त्याच्या नावाने भरलेल्या दोन दिवसांच्या शिकवणीची पावती आहे. यंदाची दिवाळी भेट म्हणून एवढेच. बॅटरी उत्तम आहे, हेही सांगेन.